हजाराच्या आत सर्वात लांब आवर्तन कोणाचे?

सेमीकोलन (धागालेखक)

मंडळी,

आमच्या हापिसात दर शुक्रवारी कोणीतरी ग्रुपवर एक कोडे टाकतो. सोमवारी सकाळपर्यंत सोडवणाऱ्याला वडापाव. या वेळचे कोडे दिसायला साधे आहे: अंश १, छेद १००० पेक्षा लहान. अशा अपूर्णांकांपैकी कोणाच्या दशांश रूपात सर्वात लांब आवर्तन (पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट) येते?

म्हणजे १/२ = ०.५, इथे आवर्तन नाहीच. १/३ = ०.३३३..., आवर्तन १ अंकी. १/६ = ०.१६६६..., हेही १ अंकीच, कारण सुरुवातीचा १ एकदाच येऊन जातो. १/७ = ०.१४२८५७१४२८५७..., हे ६ अंकी.

मी पायथनमध्ये सरळ भागाकार केला, उत्तराची स्ट्रिंग केली आणि कोणता तुकडा पुन्हा पुन्हा येतो ते शोधू लागलो. १/७ चे ०.१४२८५७१४२८५७१४२८५ एवढेच छापून आले. म्हटले अंक कमी पडताहेत, ६० स्थळांपर्यंत छापून बघू. तर हे आले:

०.१४२८५७१४२८५७१४२८४९२१२६९२६८१२४८८८१८५४११६९१६६५६४९४१४०६२५००००००

पहिले १६ अंक बरोबर, पुढे सगळा आनंदीआनंद. हे ८४९२१२ कुठून उपटले? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटमाथा

पायथनचा दोष नाही, जावा किंवा सी मध्येही हेच दिसेल. दशांश चिन्हाची संख्या मशीन बायनरीत ठेवते आणि त्यासाठी तिच्याकडे ५३ बिट असतात. त्यात १/७ मावत नाही. म्हणून त्याच्या सर्वात जवळचा असा अपूर्णांक ठेवला जातो, ज्याचा छेद २ चा कुठलातरी घात असतो. तुमच्या मशीनमध्ये बसलेला खरा अपूर्णांक हा आहे:

२५७३४८५५०१३५४५६९ / १८०१४३९८५०९४८१९८४

खालचा छेद म्हणजे २ चा ५४वा घात. आता तुम्ही छापलेले अंक मोजा. बरोबर ५४ स्थळांवर अपूर्णांक संपतो आणि मग शून्ये लागतात. छेदात नुसते २ असतील तर दशांश रूप खंडितच असणार. थोडक्यात, ज्यात आवर्तन असूच शकत नाही अशा संख्येत तुम्ही आवर्तन शोधत बसला होतात.

उंबरठा

मग पायथनचे डेसिमल मॉड्यूल वापरा की, त्यात हवे तितके दशांश अंक मिळतात. प्रिसिजन २५०० ठेवायची, रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातला साचा शोधायची सोय) पुनरावृत्ती पकडायची. पाच ओळींत काम खल्लास.

घाटमाथा

उंबरठा, हजारापर्यंत चालेल, नाही असे नाही. पण २५०० च का, हा आकडा कुठून आणला? आवर्तन जास्तीत जास्त किती लांब असू शकते हे आधी ठाऊक असेल तरच तो ठरवता येईल. शिवाय शेवटचा अंक राउंड होऊन येतो, ती वेगळीच पिरपिर. आणि उद्या कोणी मर्यादा १० लाख केली तर प्रत्येक अपूर्णांकाला २० लाख अंक छापणार का?

पाटीपेन्सिल

आमच्यासारख्या निवृत्त गणितमास्तराने कोडच्या धाग्यात नाक खुपसावे की नाही कळत नाही, पण खुपसतो. सेमीकोलनराव, तुमची नजर भागाकारावर आहे. ती बाकीवर ठेवा. पाटी घ्या आणि १ ला ७ ने भागा, पाचवीत शिकवला तसा:

१० मध्ये ७ एकदा, बाकी ३
३० मध्ये ७ चार वेळा, बाकी २
२० मध्ये दोनदा, बाकी ६
६० मध्ये आठ वेळा, बाकी ४
४० मध्ये पाच वेळा, बाकी ५
५० मध्ये सात वेळा, बाकी १

बाकी १ आली म्हणजे जिथून निघालो तिथेच परत पोचलो. इथून पुढे नवे काही घडूच शकत नाही, कारण पुढचा अंक ठरतो तो फक्त हातातल्या बाकीवरून. भागाकारात तोच अंक पुन्हा आला तरी त्याला अर्थ नाही. १/१७ करून बघा, ०.०५८८२३५२९४११७६४७. त्यात ८ लागोपाठ दोनदा येतो, पण म्हणून आवर्तन सुरू होत नाही. बाकी पुन्हा आली की मात्र खेळ संपला.

आता ७ ने भागल्यावर शून्य सोडून किती बाक्या शक्य आहेत? १ ते ६, म्हणजे सहाच. तेव्हा सातव्या पायरीपर्यंत कुठली तरी बाकी पुन्हा यायलाच हवी. म्हणून छेदाला छ म्हटले तर १/छ चे आवर्तन छ − १ पेक्षा लांब कधीच असू शकत नाही. घाटमाथांनी विचारलेल्या मर्यादेचे उत्तर हेच.

सेमीकोलन

काका, नाक खुपसलेत ते फार बरे झाले! लगेच लिहून पाहिले. बाकी = १ पासून सुरुवात, दर फेरीला १० ने गुणून छ ने भागायचे, बाकी परत १ झाली की थांबायचे. ७ ला ६ आले, १३ ला पण ६, १७ ला १६. पण सगळे छेद २ पासून चालवले की पहिल्याच छेदावर अडकते. बाकी ० झाली तर बाहेर पड असे घातले, मग ६ वर अडकले. पंखा गरागरा फिरतोय, उत्तर नाही.

घाटमाथा

६ ची पाटी मांडा: १० ला ६ ने भागून बाकी ४, ४० ला भागून बाकी ४, पुन्हा ४. बाकी १ कधी परत येतच नाही. आवर्तन सुरुवातीपासूनच लागेल असे कोणी सांगितले? १/१२ = ०.०८३३३... मध्येही ०८ आधी येऊन जातात आणि मग ३ ची रांग. बाक्या १, १०, ४, ४, ४... अशा. तेव्हा १ ची वाट बघायची नाही. *कुठलीही* बाकी दुसऱ्यांदा दिसली की थांबायचे आणि ती पहिल्यांदा कुठे दिसली होती ते वजा करायचे.

इथला एडिटर ओळीपुढच्या मोकळ्या जागा खाऊन टाकतो, म्हणून मराठीतच लिहितो:

आवर्तन(छ):
→ बाकी = १, पायरी = ०, दिसली = रिकामी डिक्शनरी
→ जोवर बाकी शून्य नाही तोवर:
→→ ही बाकी 'दिसली' मध्ये असेल तर उत्तर = पायरी − दिसली[बाकी], बाहेर पड
→→ दिसली[बाकी] = पायरी
→→ बाकी = (बाकी × १०) ला छ ने भागून उरणारी बाकी
→→ पायरी = पायरी + १
→ बाकी शून्य झाली तर उत्तर = ०

डिक्शनरीऐवजी छ लांबीची साधी लिस्ट घेतली तर आणखी वेगात चालेल. हजारापर्यंतच्या सगळ्या छेदांच्या पायऱ्या मिळून ५ लाखांच्याही आत राहतात, म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत उत्तर.

अवांतर: पायथन ३ मध्ये 'बाकी', 'पायरी' ही व्हेरिएबलची नावे देवनागरीत खरोखरच चालतात. while च्या जागी 'जोवर' मात्र चालत नाही.

सेमीकोलन

चालले!! ९८३. आवर्तन ९८२ अंकी. म्हणजे काकांनी सांगितलेली कमाल मर्यादाच गाठली की याने.

टिचकी

अहो, उत्तर झाकून तरी लिहायचे! आम्ही अजून पाटी शोधतोय.

पाटीपेन्सिल

टिचकीताई, उत्तर कळले म्हणून काही बिघडत नाही, गंमत पुढेच आहे.

आवर्ती दशांशाचा अपूर्णांक करायची शाळेतली रीत आठवा. क्ष = ०.१४२८५७१४२८५७... धरायचे, १० लाखांनी गुणायचे, त्यातून क्ष वजा करायचा. मागची शेपटी उडते आणि ९९९९९९ क्ष = १४२८५७ उरते. म्हणजे १/७ चे आवर्तन ६ अंकी आहे, याचा अर्थ ७ ने ९९९९९९ ला पूर्ण भाग जातो आणि त्याहून कमी नवांच्या संख्येला जात नाही. तुमचे कोडे असेही मांडता येईल: कुठल्या छेदाला सर्वात जास्त ९ लागतात? ९९९ हा छेद स्वतःच तीन नवांचा, म्हणून १/९९९ चे आवर्तन फक्त ३ अंकी, ०.००१००१... छेद मोठा म्हणून आवर्तन मोठे, असे मुळीच नाही.

दुसरे म्हणजे १४२८५७ ची दोन शकले करा: १४२ + ८५७ = ९९९. १/१७ च्या सोळा अंकांची दोन शकले करा: ०५८८२३५२ + ९४११७६४७ = ९९९९९९९९. छेद मूळ संख्या असेल आणि आवर्तनाची लांबी सम असेल तर हे नेहमी घडते. मिडी नावाच्या फ्रेंच गणितीने ते १८३६ मध्ये मांडले, म्हणून ते मिडीचे प्रमेय. कारण पुन्हा बाकीतच आहे. वरच्या पाटीवर तिसऱ्या पायरीला बाकी ६ आली, म्हणजे ७ − १. तिथून पुढच्या बाक्या पहिल्या निम्म्याच्या पूरक: ३ ला ४, २ ला ५, ६ ला १. त्यामुळे बाकी छ − १ दिसली की निम्मे आवर्तन झाले, पुढचे मोजायची गरज नाही, दुप्पट करा.

आणि १४२८५७ चा वर्ग करा. २०४०८१२२४४९ येतो. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे पाडून बेरीज केली की परत १४२८५७! अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आपल्या देवळालीच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केलेले द. रा. कापरेकर. लोकांना त्यांचा ६१७४ हा स्थिरांक तेवढा ठाऊक असतो.

उंबरठा

काका, वाखूसा (वाचनखूण साठवली). माझा डेसिमलवाला उपाय मागे घेत नाही, पण वडापाव तुमचा.

शून्यान्त

धागा उशिरा पाहिला. इथे रात्रीचे दोन वाजलेत, पण राहवत नाही. ९८३ हे उत्तर कॉम्प्युटरशिवाय, कागदावर सिद्ध करता येते.

आधी हे बघा की छ − १ ही कमाल लांबी फक्त मूळ संख्यांनाच गाठता येते. छेद २१ घ्या. बाक्या येतात १, १०, १६, १३, ४, १९ आणि परत १. यात ३, ६, ७, ९, १२ वगैरे कधी येत नाहीत, कारण १० आणि २१ चा मसावि १ असल्याने प्रत्येक बाकी २१ शी सहमूळच राहते. छेदाला अवयव असले की काही बाक्या कायमच्या बाद. आणि छेदात २ किंवा ५ असतील तर ते नुसता आधीचा भाग लांबवतात, आवर्तनाला त्यांचा काही उपयोग नाही. तेव्हा वरून खाली येत मूळ संख्याच बघायच्या: ९९७, ९९१, ९८३.

फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार, मूळ संख्या 'म' २ किंवा ५ नसेल तर १० चा (म − १)वा घात म ने भागल्यावर बाकी १ उरते. म्हणून आवर्तनाची लांबी ही म − १ ची विभाजक असतेच. आता प्रश्न एवढाच की ती पूर्ण म − १ आहे की तिचा एखादा तुकडा. १० चा (म − १)/२ वा घात घेतला तर बाकी एकतर १ येते किंवा −१ (म्हणजे म − १). कुठली, हे म ला ४० ने भागून कळते. बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७, ३९ यांपैकी असेल तर +१, म्हणजे आवर्तन निम्मे किंवा त्याहून लहान. नसेल तर −१. हे क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटी या वर्गांच्या बाक्यांबद्दलच्या नियमातून निघते. तिची पहिली संपूर्ण सिद्धता जर्मन गणिती गाउसने १८०१ च्या ग्रंथात छापली, आणि त्याच ग्रंथात आवर्ती दशांशांवरही लिहिले.

९९७ ला ४० ने भागून बाकी ३७. बाद. ९९१ ची ३१. तीही बाद. (९९७ चे आवर्तन १६६ अंकी, ९९१ चे ४९५.) ९८३ ची बाकी २३, यादीत नाही. ९८२ चे अवयव २ × ४९१, आणि ४९१ मूळ आहे. तेव्हा लांबी १, २, ४९१ किंवा ९८२ यांपैकीच एक. १० आणि १०० यांची ९८३ ने भागून बाकी १ नाही, म्हणून १ आणि २ गेले. ४९१व्या घाताला बाकी −१, म्हणून ४९१ गेले. उरले ९८२. काम झाले.

सेमीकोलन

शून्यान्त, मी हे तीनदा वाचले आणि मग ग्रुपवर चिकटवले. तिथे शांतता पसरली आहे. पण एका खवटाने लगेच मर्यादा १० लाख केली.

शून्यान्त

करू दे. सगळ्या छेदांची पाटी मांडायची तर पायऱ्यांची मर्यादा जाते ५०,००० कोटींवर. म्हणून वरून खाली या, फक्त मूळ संख्या घ्या. १० लाखांच्या आतली सर्वात मोठी मूळ संख्या ९९९९८३. ४० ने भागून बाकी २३, पास. ९९९९८२ = २ × ७९ × ६३२९. आता १० चे दोनच घात तपासायचे, ९९९९८२ ला ७९ ने भागून येणारा १२६५८वा आणि ६३२९ ने भागून येणारा १५८वा. पायथनच्या पॉव या घात काढणाऱ्या फंक्शनला तिसरा पॅरामीटर म्हणून छेद द्या. ते वर्ग करत करत जाते, १२६५८ वेळा गुणत बसत नाही.

सेमीकोलन

१२६५८व्या घाताला बाकी ८६४९९, १५८व्याला ९४४१५१. दोन्हीकडे १ नाही. म्हणजे पहिल्याच मूळ संख्येवर मटका लागला, आवर्तन ९९९९८२ अंकी! खवट गप्प.

आता मलाच शंका. अशा पूर्ण लांबीच्या मूळ संख्या किती? मी मोजल्या तर १०० च्या आत ९ निघाल्या: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. हजाराच्या आत ६०. कधी संपतात का या?

शून्यान्त

दुखरी नस पकडलीत. १०० च्या आत एकूण मूळ संख्या २५, त्यात ९. हजाराच्या आत १६८, त्यात ६०. दहा हजारांच्या आत १२२९, त्यात ४६७. गुणोत्तर ०.३७ च्या आसपास घोटाळते. एमिल आर्टिनने १९२७ मध्ये अंदाज मांडला की अशा मूळ संख्या अनंत आहेत आणि त्यांचे प्रमाण ०.३७३९५... या स्थिरांकाकडे जाते. १९६७ मध्ये हूलीने ते सिद्ध केले, पण रीमानच्या गृहीतकाचे (मूळ संख्यांबद्दलचा, अजून सिद्ध न झालेला अंदाज) व्यापक रूप खरे मानून. १९८४ मध्ये राजीव गुप्ता आणि राम मूर्ती यांनी कुठलेही गृहीतक न धरता मोठी मजल मारली. ती वाट पुढे नेऊन १९८६ मध्ये हीथ-ब्राउनने दाखवले की १० ऐवजी २, ३, ५ यांचे घात घेतले तर त्यांपैकी निदान एका पायासाठी तरी अशा मूळ संख्या अनंत आहेत. कोणत्या, ते सांगता येत नाही! आणि आपल्या १० साठी आजही सिद्धता नाही.

टिचकी

सगळे वाचले, निम्मे कळले. पण अरसिक प्रश्न विचारतेच: एवढ्या नवांचा आणि बाक्यांचा उपयोग काय? ९८२ अंकी आवर्तन घेऊन करायचे काय?

पाटीपेन्सिल

टिचकीताई, विल्यम शँक्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात मूळ संख्यांच्या आवर्तनांची कोष्टके हाताने तयार केली. त्याच माणसाने १८७३ पर्यंत पायची (π) ७०७ दशांश स्थळे काढली, त्यातली ५२७ बरोबर होती. त्याला कोणी उपयोग विचारला असेल असे वाटत नाही.

घाटमाथा

काका, उपयोग आहे, आणि चांगला दणदणीत आहे. १९९४ मध्ये पीटर शोरने क्वांटम कॉम्प्युटरसाठी जो प्रसिद्ध अल्गोरिदम दिला, ज्याच्यामुळे आरएसए कुलपे (मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड, यावर टिकलेली सांकेतिक सुरक्षा) उघडतील अशी धास्ती आहे, त्यातला क्वांटम भाग नेमके हेच करतो: घातांच्या बाक्यांचे आवर्तन शोधतो. अवयव त्या आवर्तनातून पडतात.

२१ वरच करून बघा. १/२१ = ०.०४७६१९०४७६१९..., आवर्तन ६. सम आहे, म्हणून निम्मे घ्या, ३. १० चा घन १०००, त्याची २१ ने बाकी १३. आता १३ च्या एक मागे आणि एक पुढे बघा, १२ आणि १४. १२ आणि २१ चा मसावि ३. १४ आणि २१ चा मसावि ७. झाले, २१ = ३ × ७. छोट्या संख्येला हे हास्यास्पद वाटेल, पण शेकडो अंकी छेदाचे आवर्तन पटकन मोजता आले तर त्याचे अवयवही असेच हाती येतात. आपल्या साध्या कॉम्प्युटरला ते आवर्तन मोजणेच झेपत नाही, म्हणून बँकेचे व्यवहार सुरक्षित.

सेमीकोलन

९१ वर लावून पाहिले. १/९१ चे आवर्तनही ६. १००० ची ९१ ने बाकी ९०. मागे ८९, पुढे ९१. मसावि १ आणि ९१ आले. काहीच हाती लागले नाही.

घाटमाथा

कारण ९० म्हणजे ९१ − १, काकांनी सांगितलेली ती पूरक बाकी. मिडीच्या प्रमेयाला जी आवडते तीच इथे आडवी येते. अशा वेळी पाया बदलायचा. १० ऐवजी २ घ्या: २ च्या घातांच्या बाक्यांचे आवर्तन ९१ साठी १२ आहे. निम्मे ६, २ चा ६वा घात ६४. मागे ६३, पुढे ६५. ६३ आणि ९१ चा मसावि ७, ६५ आणि ९१ चा १३.

टिचकी

हे मात्र पाटीवर करून पाहिले. जमले! आता २२१ घेतेय. कोणी उत्तर लिहू नका.